मुकादमाची पाठवणी

१२ जून

चि. धाकट्यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्याच्या नावानं आई कुरकुरते. फोनवर मोकळं बोलता येत नाही म्हणून लिहिते. ती शेजारी बसून दोन्हीकडचं ऐकत असते.

परवा आपल्या कुत्र्याबद्दल, मुकादमाबद्दल, तू जे बोललास ते मला 'पाठवतो' असं ऐकू आलं आणि आईला 'आणतो' असं. कोणाचे कान गेलेत ते कळव. माझे गेले असतील तर बरंच, कारण आई कामाला लागली आहे. तुझ्या खोलीतले माझे कापडाचे गठ्ठे बाहेर निघाले, गादी पिंजून आली. मी स्वयंपाकघरात मशीन मांडून शिवते आहे. कपड्यांना कांद्याचा वास येतो अशी एका गिऱ्हाइकाची तक्रारही आली.

तुला आठवत असेल, आई तिचा कुत्रा द्यायला तयार नव्हती. तू म्हणालास, परदेशात मुलीला करमायचं नाही, दोन वर्षांनी आम्ही परत येऊ तेव्हा त्यालाही आणू. तेव्हा कुठे तिनं त्याचा पट्टा तुझ्या हातात दिला. मागाहून मला म्हणाली, माझ्यासाठी येईल न येईल, पण कुत्र्याला पोचवायला तरी यावंच लागेल त्याला. म्हणजे मुकादम हे तिचं तारण आहे. तेव्हा सरळ उत्तर दे.

लोभ आहेच, तो उत्तरातही दिसू दे.

तुझी ताई


२ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझे कान ठणठणीत आहेत. मी त्याला पाठवतोच आहे.

आम्ही इथे घर घेतलं. तेव्हाच सांगणार होतो, पण फोनवर आई होती. त्या इमारतीत कुत्रा चालत नाही. हे आधीच माहीत होतं, पण दुसरं मनासारखं मिळेना. मुलीनं दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, मग लावलं.

मुकादमाच्या सगळ्या सुया टोचून झाल्या, रक्तही तपासलं. पिंजऱ्याची सवय व्हावी म्हणून त्यात बसवूनच त्याला आमच्या कवळ्यांच्या कारखान्यात नेतो. गेल्या आठवड्यात त्यानं एका आजोबांची तयार कवळी पळवली आणि टेबलाखाली जाऊन तिलाच चावत बसला. मला खालचे सगळे दात नव्यानं बसवावे लागले. मालक हसला म्हणून निभावलं.

एकच मागणं आहे. आईला सांग की कुत्रा आधी येतोय, मी मागाहून थंडीत येतो. तू सांगितलेलं तिला पटतं.

रागाव, पण लोभ आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा


२० जुलै

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

घर घेतलंस, अभिनंदन केलं असं समज. कुठल्या थंडीत येणार तेही लिहायचं होतंस.

मी आईला काही सांगणार नाही. आजवर तुला रजा नव्हती, बायको आजारी होती, तिकिटं मिळत नव्हती, हे सगळं तिला मीच गोड करून सांगितलं. कपड्यांना ठिगळं लावणं माझा धंदा आहे, तुझ्या बोलण्याला लावणं नाही. तिनं तुझ्या जुन्या पँटींची मुकादमासाठी गोधडी शिवून घेतली. त्या धुऊ दिल्या नाहीत, त्याला तुझा वास यायला हवा म्हणे. मी मशीनवर बसून रडले आणि तुझा संताप आला.

फोन तीच उचलते. तुझ्या तोंडानं सांगून टाक.

ताई


९ ऑगस्ट

ती. ताईस, नमस्कार.

हे पत्र पोचेल तोवर मुकादम तुमच्याकडे आलेला असेल. फोन केला होता. आईनं विमानाची वेळ विचारली, मी वेळ सांगितली. फक्त वेळच सांगितली.

विमानतळाच्या गोदामात तो पिंजऱ्यात शिरेना, चारही पाय रोवून उभा राहिला. आपल्या घरात 'जातो' म्हणायची सोय नव्हती, आई लगेच दटावायची, 'येतो' म्हण. तेच ऐकत तो वाढला. 'येतो' म्हटलं की माणूस परतेपर्यंत उंबऱ्याशी बसून राहायचा, इकडेही तसाच. मी सवयीनं म्हणालो, मुकादम, येतो हं. तर मुकाट आत गेला आणि दाराकडे तोंड करून बसला. तिथला माणूस म्हणाला, इतका शहाणा कुत्रा पाहिला नाही.

बाहेर येऊन मी गाडीत बसून रडलो. आईला हे कळू देऊ नकोस.

लोभ मागायचं तोंड नाही, तरी मागतो.

धाकटा


२ सप्टेंबर

धाकट्यास,

मुकादम पोचला. वाळला आहे, पण खातो.

आई ठेवणीतले कपडे घालून विमानतळावर आली होती. गोदामातून पिंजरा आला, तरी ती पिंजऱ्याच्या मागेच बघत राहिली. मागून एक हमाल आला आणि त्यानं दार लावून घेतलं. सहीला बोलावलं तर तिथल्या बाईंना म्हणाली, थांबा, माझा मुलगा येतोय, तो करेल. सही मी केली. परतताना ती मला एवढंच म्हणाली की कान तुझेच चांगले. घरी येऊन कापडाचे गठ्ठे तिनंच एकेक करून तुझ्या खोलीत नेऊन ठेवले, त्या गुडघ्यानं. मला हात लावू दिला नाही.

मुकादम उंबऱ्याशी बसून असतो, तोंड रस्त्याकडे. आम्हाला वाटलं प्रवासाचा शीण असेल. मग तुझं पत्र आलं आणि तू त्याला काय सांगून पाठवलंस ते कळलं. मी ते आईला वाचून दाखवलं, तू रडलास तेही. तू नको म्हणाला होतास, पण तुझं ऐकणं मी सोडलं आहे.

ती कुत्र्याजवळ जमिनीवर जाऊन बसली. त्याला म्हणाली, आता आत चल, तो येत नाही. त्याला त्यातलं 'येत' तेवढं कळलं. शेपटी हलवली आणि आणखी सरसावून बसला.

आईनं तुला निरोप दिला आहे. फोन ठेवताना ह्यापुढे 'येतो' म्हणू नकोस, 'जातो' म्हण. मुक्या जनावराला खरं वाटतं.

ताई