घरच्यांनी शांत राहावे

नालवाडी, वर्धा
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

भाऊ हरिदास,

तुले आन् तुह्या घरच्या साऱ्यायले माहा जय भीम. तुही तब्येत बरी असन. पोट्टे अभ्यास करतेत का मोबाईलच पाह्यतेत, तेही कळव. वर नालवाडी वाचून दचकला असशीन. आठ दिवसांपासून मी अठीच हाये, मनकर्णाबाईकडं. ते कोण, पुढं सांगतो. डाव्या हाताले पलस्तर हाये, म्हणून कागद सरकते आन् अक्षर वाकडं येते. तेवढं समजून घेजो.

फोन काऊन नाई केला म्हणशीन. फोनवर तू मले बोलू कोठी देते? मी 'हॅलो' म्हणलं का तुहं 'बाई, भाऊजीले सांभाळ' सुरू. कागदाच्या मधात तुले बोलता येत नाई, म्हणून लिवून राह्यली.

पयले चांगली खबर सांगतो. तुह्या भाऊजीयची बिडी सुटली. खरंच सुटली. एक जानेवारीपासून एक झुरका नाई. दिवसाले दोन बंडल फुकणारा माणूस! डॉक्टरनं छातीचा फोटो पाहून सांगतलं होतं का आता वढली तं दोन वर्षं नाई निघत. तवा तूच बिडी सोडवाच्या मंडळाचा पत्ता देलता. आमच्या पिपरीच्या विहारात मागच्या खोलीत दर रविवारी नानाजी बिडीवाल्यायले आन् तंबाखूचा खर्रा खाणाऱ्यायले घेऊन बसतेत. पयले आरोग्यसेवक होते, आता रिटायर. माणूस खरंच चांगला. कोणाले तलफ आली आन् फोन केला तं हातातलं जेवण सोडून गाडीवर घरी येतेत. तोंडात ठेवाले ओवा, लवंग, बडीशेप. आन् दर माणसाले एक कार्ड देतेत. रोज सांजच्याले घरच्या माणसानं त्याच्यावर सही कराची. पुढं छापूनच हाये, 'आज ओढली नाही'. आमच्या घरी सही माही.

खोलीतल्या फळ्यावर खडूनं दहा नियम लिवून होते. दुसरा नियम: 'पहिले एकवीस दिवस घरच्यांनी वाद घालू नये, शांत राहावे.' तुह्या भाऊजीयनं तेवढा एकच पाठ केला.

तिसऱ्या दिवशी चहा फिका झाला म्हणून कप माह्या अंगावर आला. मान भाजली. मी ओरडली तं म्हणतेत, 'शांत राहा. फळ्यावरचं वाचता येत नाई काय तुले? अंगणवाडीत मदतनीस हायेस ना?' मी शांत राह्यली. मानंले टूथपेस्ट लावली आन् सांजच्याले सही केली. सातव्या दिवशी मी वाकून झाडत होती, तं मांगून लाथ. काऊन, तं झाडूचा आवाज होते म्हणे. त्याच दिवशी मी तुले फोन केलता, आठवते? तू म्हणला, 'बाई, बिडी सोडतानी माणूस चिडतेच. थोडं सहन कर. माणूस वाचून राह्यला ना!'

माणूस वाचत होता, खरं हाये. रविवारी नानाजी त्याले उभं करत, सारे टाळ्या वाजवत, आन् मीबी वाजवो. बरगडी दुखे म्हणून हळूहळू वाजवो.

एकवीस दिवस झाले, तीस झाले, पण त्याचा नियम काही संपेना. पन्नास दिवस पुरे झाले का सत्कार कराचा, असं ठरलं. तुलेबी निरोप आला असन. मले तोपर्यंत टिकाचं होतं. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून तो घरी आला, गाडीचा आवाज आला का मी हातातला झाडू लपवून ठेवो.

नऊ तारखेले मी पानटपरीवर गेली. जिंदगीत पयल्यांदा. बिडीचं बंडल आन् माचिस घेतली, घरी येऊन त्याच्या ताटाजवळ ठेवली. म्हणलं, 'वढा. वढा बाप्पा, पण मले जगू द्या.'

त्याचं तोंड पांढरं पडलं. 'माहा सत्कार ठरला आन् तू मले पाडाले निघाली?'

मी तवा खाली बसून त्याच्यासाठीच खलबत्त्यात ओवा-लवंग कुटून राह्यलती. त्यानं माह्या हातातला बत्ता हिसकला. मी तोंड वाचवाले हात वर केला, पयला घाव त्याच्यावर. हाड मोडलं ते मले आयकू आलं, वाळली तुराटी मोडते तसं. दुसरा घाव खांद्यावर. तिसऱ्याच्या आंधी मी त्याच्या मनगटाले दातानं धरलं. खोटं काऊन बोलू, कडकडून चावली. तोंडात खारं रक्त आलं तरी सोडलं नाई. त्यानं माहं डोस्कं भिताडावर आपटलं, एकदा, दोनदा, तवा सुटलं.

मंग तो कार्ड घेऊन आला. माह्या उजव्या हातात पेन देला आन् म्हणला, 'सही कर.'

मी केली. आज ओढली नाही. खोटं थोडीच होतं?

सकाळी दवाखान्यात मी सांगतलं का न्हाणीत पाय घसरला. तठीच मनकर्णाबाई भेटली, तिच्या डोळ्याच्या कामानं आलती. मंडळातली एकटी बाई ते. सत्तर वर्षाची, एकटी राह्यते, आपल्या बकऱ्यायसंग गोंडीत बोलते. चाळीस वर्षं बिडी वढली, दोन वर्षांपासून बंद. तिनं पलस्तराकडं पाह्यलंच नाई, माह्या मानंकडं पाह्यलं. म्हणे, 'न्हाणीत मान भाजते का वो?' मी मानंवर पदर वढला. तिनं माही पिशवी उचलली आन् ऑटोत बसवून अठी आणलं.

दुसऱ्या दिवशी मी तिले विचारलं, 'मावशी, बिडी सोडतानी तुमाले राग नाई आला?'

'आला ना! असा आला का जग जाळून टाकू. मंग मी गोवऱ्या थापल्या. माह्या झाल्या, तं शेजारनीच्या थापून देल्या. त्या साली लोकं मले पाहून शेण लपवत.'

मले हासू आलं, मंग रडू आलं. ते म्हणे, 'पोरी, बिडी माणसाले तलफ लावते. बत्ता उचलाले नाई लावत.'

तवापासून तुले लिवाचं म्हणून राह्यली आन् टाळून राह्यली. आता लिवतो. हरिदास, बिडीनं काही केलं नाई. बिडी होती तवाबी तो मारे. पंचवीस वर्षं. मयुरी पोटात होती तवा पोटावर लाथ मारली, ते पोरगी कशी वाचली तिचं तिले माहीत. आता ते आपल्या सासरी सुखात हाये, तिले मी आपल्या तोंडानं सांगीन. मी सारं झाकलं. मनाले सांगत राह्यली का बिडीनं त्याचं डोस्कं तापते, सुटली का निवळन. म्हणून त्याच्या मांगं लागून मंडळात मीच नेला.

आन् आखीन एक, जे मनकर्णाबाईलेबी नाई सांगतलं. डॉक्टर दोन वर्षं म्हणला तवा मले रडू नाई आलं. रात्रंदिवस तो खोकले, आन् पोळ्या लाटता लाटता मले बरं वाटे. मंग आपलीच लाज वाटे, आन् त्या लाजेपायी मी आखीन जोरानं त्याले रविवारी विहारात पाठवो. वाचवाचंबी होतं आन् मराचीबी वाट पाह्यत होती. असं इख मनात घेऊन मी त्याले जेवाले वाढलं.

काल रविवार. मी मनकर्णाबाईसंग विहारात गेली. तो पुढंच बसून होता, मनगटाले पट्टी. लोकायले सांगे का दुकानात तार लागली. नानाजी मले म्हणले, 'कमलाबाई, पुढच्या रविवारी सत्कार आहे, तुम्ही दोन शब्द बोला.' मी म्हणलं, आताच बोलतो. उभी राह्यली. म्हणलं, 'यायनं बिडी सोडली. मले मारणं नाई सोडलं. हात न्हाणीत नाई मोडला, यायनं बत्त्यानं मोडला.'

तो उठला. माहा अंबाडा धरला आन् तीस माणसायच्या देखत मले सतरंजीवर पाडलं. मोडल्या हातावर पाय देला. मी किंचाळली. तीस माणसं पाह्यत राह्यले. मनकर्णाबाईनं काठी त्याच्या गुडघ्यावर हाणली, तवा तो खाली बसला. तवा बाकीचे धावले. नानाजीनं सारा फळा हातानंच पुसला, रडत म्हणले, 'बाई, हे मी लिहिलं होतं. मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही.'

आज सकाळी नानाजीच संगं आले. ठाण्यात रिपोर्ट देली. तठच्या पोलीस बाईनं नीट लिवून घेतलं. मंग विचारलं, 'पयलेपासून मारत होता म्हणता, तं माहेरच्या कोणाले माहीत होतं का?'

मी म्हणलं, उद्या सांगतो.

हरिदास, अकरा वर्षाआंधी तू दीक्षाभूमीवरून परततानी आमच्या घरी उतरला होता. माहा डोळा काळानिळा, सुजून बंद. तू विचारलं, 'बाई, डोळ्याले काय झालं?' मी तोंड उघडाच्या आंधी तो म्हणला, फळी लागली. तू माह्याकडं पाह्यलं, त्याच्याकडं पाह्यलं, आन् म्हणला, 'भाऊजी, वडाभात मस्त झाला.' जेवला, निघाला. दहा मिनिटानं परत आला. चौकातल्या मेडिकलातून डोळ्यात टाकाचं औषध आणलं होतं. दारातूनच माह्या हातात देलं, मान खाली घालून, आन् गेला.

तुले माहीत होतं बापा. ते औषध मी आठ दिवस टाकलं आन् आठही दिवस वाट पाह्यली का आज तू येशीन आन् विचारशीन. मी पंचवीस वर्षं शांत राह्यली, ते माहं चुकलं. तूबी शांत राह्यला.

उद्या मी त्या बाईले तुहं नाव सांगणार हाये. तुले ठाण्यातून बोलावणं येईन. भाऊजीविरुद्ध कसं बोलू म्हणून डोस्कं धरून बसशीन, ते मले माहीत हाये. बसजो. मंग उठून येजो आन् जे पाह्यलं तेवढं सांगजो, त्याच्यापेक्षा एक शब्द जास्त नोको. नाई आला, तरी रिपोर्ट मी मांगं घेणार नाई. फक्त मंग मले भाऊ होता असं कोणाजवळ म्हणणार नाई.

या पत्राचं उत्तर लिवू नोको. तूच ये.

आजून जित्ती असलेली तुही बाई,
कमला