डोंगराखालचे श्वास

ता. ९, सकाळ

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खुशाली लिहिण्याजोगं काही नाही. काल दुपारी खाणीत आग लागली. आमच्या ह्यांच्यासह सातजण खालच्या बोगद्यात अडकलेत. साहेब म्हणतात, आत कोणी जिवंत नसणार. उद्या बोगद्याचं तोंड विटांनी बंद करून आग कोंडायची. मी दिवाघरात, खाणकऱ्यांचे दिवे टांगतात तिथे, बसते. सात दिवे परत आलेले नाहीत, त्या रिकाम्या खुंट्या बघवत नाहीत.

हे तुला ‘चेटकीणबाई’ म्हणून चिडवायचे, आज ती चेष्टा नको वाटते. आईची विद्या तू सोडलीस, ठाऊक आहे. खडकाला हात लावून खालचे श्वास ऐकले की डोंगर ऐकणारीचं एक बोट निर्जीव करतो. तरी हात लाव. हे आहेत का, एवढंच कळव. खेचरवाला उत्तरासाठी थांबेल.

तुझ्या मायेवर विसंबलेली,
धाकटी

ता. ९, संध्याकाळ

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

सातच्या सात आहेत. जुन्या पंपापलीकडे, ओल्या भिंतीला टेकून बसलेत. मेहुणेही आहेत. माझी करंगळी गेली, जाऊ दे; तशीही ती चहा पिताना मिरवण्यापलीकडे काही करत नव्हती.

रडत बसू नकोस. बाकीच्या बायकांना घे आणि त्या विटांवर जाऊन बस. लोक चेटकीण म्हणाले तर म्हणू देत. दोन घास खाऊन जा.

तुझीच,
ताई

ता. १४

ताई,

नमस्कार लिहायला हात होत नाही.

गवंड्याच्या हातातली थापी मी हिसकावून घेतली. चेटकिणीच्या चिठ्ठीवर खाण चालत नाही, असं साहेब म्हणाले. मी म्हटलं, आत माझा नवरा बसलाय, आधी मला भिंतीत चिणा. आम्ही अकराजणी विटांवरून हललो नाही. शेवटी मुकादमाने माणसं जमवून पंपाच्या बाजूने खडकाची भिंत फोडली. सहाजण जिवंत निघाले.

हे नाहीत. पहिल्याच तासाला धुराने गेले म्हणे. सोबत्यांनी अंगावर कोट पांघरला होता.

तू किती श्वास मोजलेस? खरं सांग.

धाकटी

ता. १६

चि. धाकटीस,

सहा. मेहुण्यांचा फार शोधला. खरं लिहिलं असतं तर तू तिथेच कोसळली असतीस आणि भिंत उभी राहिली असती. दुसरीच्या नवऱ्यासाठी तू उठशील का, याची परीक्षा घ्यायला वेळ नव्हता. माफी कोणत्या तोंडाने मागू?

ताई

ता. २१

ती. ताईस,

सहा घरच्या बायका आळीपाळीने माझ्यासाठी जेवण आणतात. काल एकाची म्हातारी आई माझे हात धरून किती वेळ रडली. तिच्या लेकासाठी मी गेलेच नव्हते, हे तिला सांगायचं होतं. जीभ रेटली नाही.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. नसते उठले, ताई. तुझ्या खोटेपणापेक्षा हेच जास्त सलतं.

इतक्यात भेटायला येऊ नकोस; तुझं तोंड बघवणार नाही. पत्रं मात्र पाठवत राहा. मी उत्तर दिलं नाही, तरी पाठव.

तुझी,
धाकटी