तुला काही विचारायचंय का?

चेतू,

तू उठशील तेव्हा मी घरात नसेन. टेन्शन घेऊ नकोस आणि आईलाही घेऊ देऊ नकोस. तुझा ड्रेस इस्त्री करून दाराला लटकवलाय. पुण्याला पोचेपर्यंत त्याच्यावर चहा सांडू नकोस, एवढं कर.

आर्मीच्या मेडिकल कॉलेजच्या इंटरव्ह्यूत ते शेवटी म्हणतील, "तुला काही विचारायचंय का?" तेव्हा "नो सर" म्हणून उठू नकोस. माझ्या कॉलेजात इंटरव्ह्यूच नव्हता, मार्कांवर घेतलं. त्यांनी मला काही विचारलं नाही, मीही त्यांना नाही. तुला चान्स मिळतोय ना, मग विचार. हॉस्टेलवर कुणाला त्रास झाला तर त्याने कुणाकडे जायचं? त्या माणसाचं नाव विचार. पटकन नाव सांगता आलं तर कॉलेज बरं आहे समज. आडनाव कळल्यावर मेसमधली शेजारची खुर्ची रिकामी होते का, हे मात्र सरांना नको, बाहेर सीनियर मुली असतील त्यांना विचार.

दिवाळीला आलो तो परत का गेलो नाही, हे तू मला एकदाही विचारलं नाहीस. बरं केलंस. तेव्हा सांगता आलं नसतं.

अजून एक प्रश्न आहे. मध्येच निघून गेलेल्याला परत वर्गात बसू देतात का? तो तू विचारू नकोस. तो विचारायला मीच माझ्या कॉलेजात चाललोय.

आई कपाटात माझा ॲप्रन शोधेल. तिला सांग, दादाने नेला.

आकाशदादा