कबरीवरची काळी अक्षरं

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार. आष्टा
नाताळच्या आठवड्यात यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घरात आवाज उरला तो माझा, तोही दरडावण्याचा. ऐकून मलाच कंटाळा आला, म्हणून लिहितेय.
आजही चर्चमध्ये उपासनेला गेले नाही. पाळकसाहेब घरी आले. पुढच्या रविवारी ईस्टर, पहाटे दफनभूमीत पुनरुत्थानाची उपासना. बाई, गाण्याला सूर तुम्हीच धरता, तेव्हा तुम्ही याच, म्हणाले. नाही म्हटलं. यांना गिळताना ठसका लागतो. हनुवटी खाली धरून चमच्याचमच्यानं पेज द्यावी लागते. शेजारच्या मुमताजभाभी म्हणाल्या, "आवं बाई, मी बसते की." त्यांनाही नाही.

१५ एप्रिल
मंडळीच्या पोरांनी कबरींना चुना दिला. आमच्या मुलाच्या, सुहासच्याही. चुना वाळला की हे दर वर्षी जाऊन त्याच्या दगडावरची अक्षरं काळ्या रंगानं भरत. नाव, आणि खाली 'तो उठेल'. यंदा पोरंच भरतील, असं यांना सांगितलं. जोरात मान हलवली. पेज सांडली. चादर बदलली.

१७ एप्रिल
सकाळपासून यांचा डावा हात हवेत. कंगवा दिला, फेकला. पेन्सिल दिली, फेकली. मी ओरडले. दुपारी लक्षात आलं. हात एकदा असा, एकदा तसा घासतात: डब्याच्या काठावर ब्रश निथळवायची यांची सवय. माळ्यावरून ब्रश आणि रंगाचा डबा काढून दिला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर डाव्या हातानं 'तो' काढला. काना पार खाली घसरला.
म्हटलं, दफनभूमीच्या पायऱ्यांवरून चाकाची खुर्ची उतरत नाही, कशाला हा खटाटोप? ब्रश पुन्हा बुडवला.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)
इथे तरी खरं लिहावं. सुहास गेल्यापासून दर वर्षी त्या पहाटे मी फाटकाशीच उभी राहून गाते. कबरीपाशी जात नाही. ते दोन शब्द वाचावे लागतील म्हणून. गाणं तोंडपाठ आहे. विश्वासाचं मात्र...
रोज सकाळी यांना खाटेवरून खुर्चीत घेताना पोतं उचलल्यासारखं वाटतं. आज माझ्या मानेला विळखा घालून यांनी स्वतः जोर लावला. डावा पाय टेकला. नाताळपासून पहिल्यांदा. दोन शब्द भरायचे राहिलेत, तेवढ्यासाठी हा माणूस उभा राहायला बघतोय.
मग ब्रश माझ्या हातात कोंबला आणि वरून माझी मूठ दाबून धरली. "मला नाही जमायचं," म्हटलं. सोडेनात.

१९ एप्रिल, शनिवार
संध्याकाळी भाभींना बोलावलं. माझ्यासमोर चमचा धरायला लावला. दुसऱ्याच चमच्याला ठसका. मी पुढे झाले.
"बाई, तुमी भाईर बसा. तुमच्या धाकानंच त्यांचा घास अडकतोय."
हे हसले. अर्ध्याच तोंडानं, पण हसले. वाटी संपली.
पहाटे, लोक यायच्या आधी, मी एकटीनंच कबरीपाशी जायचं ठरवलंय. नाव आणि 'तो' भरून होईल. पुढच्या शब्दाला माझा हात चालेल का, ते तिथे गेल्यावर.
भाभींना दिलं: घराची किल्ली, चमचा, पेजेचा रवा, दोन पंचे.
यांनी मला दिलं: ब्रश, काळ्या रंगाचा डबा, आणि कॅलेंडरचं ते पान.