पुट्टी अजून चालत नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

समोरच्या घरातला गुंडू आज आमच्या गेटपर्यंत चालत आला. पुट्टीपेक्षा दोन महिन्यांनी लहान. गेटचे गज धरून माझ्याकडे बघून हसला. लेकरूच ते, पण जळाले मी. खोटं कशाला लिहू.

पुट्टी सोळा महिन्यांची झाली. धरल्याशिवाय उभीसुद्धा राहत नाही. फॅक्टरीतून घरी आले की सासूबाईंच्या कडेवर असते, नाहीतर चटईवर बसलेली. मला बघितलं की दोन्ही हात वर. उचललं की खांद्यात तोंड खुपसते. थोरली, चिन्नी, अकराव्या महिन्यात चालली होती.

सा.बां.ना म्हटलं, डॉक्टरला दाखवू. त्या म्हणाल्या, "नडीताळे बिडू." चालेल ती, सोड. आमटीत मीठ जास्त झालं तर दिवसभर हळहळणारी ही बाई. हिला नातीच्या पायांची काळजी कशी नाही? कुठंतरी पाणी मुरतंय.

५ नोव्हेंबर, बुधवार

फॅक्टरीत वीज गेली, दुपारीच सोडलं. गेटची कडी वाजवली तर आतून चिन्नीचा आवाज, "बंदळु, बंदळु!" ती आली, ती आली. लग्नानंतर मैसूरला येऊन एवढं कन्नड तरी मला आलंय. मग आत धावपळ. दार उघडायला उशीर.

आत बघते तर सगळे देवळात बसल्यासारखे. पुट्टी सा.बां.च्या मांडीवर, गाल लाल, धाप लागलेली.

पुट्टीचे पाय धुताना पाहिलं. तळवे काळेकुट्ट, गुडघे स्वच्छ. उदबत्तीच्या पुड्यांत खोट शोधायचा मला पगार मिळतो. रांगणाऱ्या पोरीचे गुडघे मळायला हवेत, तळवे नव्हे. विचारलं, तर म्हणाल्या, अंगणात बसवली होती, मातीत पाय घासत होती. असेल. नोंद करून ठेवते फक्त.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मंजूला विचारलं. नवरा म्हणून नव्हे, त्या घरचा मुलगा म्हणून विचारलं, की पुट्टीबद्दल मला न सांगितलेलं काही आहे का. "तुला सगळ्यातच डाऊट," म्हणाला आणि फोनमध्ये घुसला. कान खाजवत होता. मंजू खोटं बोलताना कान खाजवतो. लग्न ठरताना "आमच्याकडे सगळे मराठीच बोलतात" म्हणाला होता, तेव्हाही खाजवला होता.

मी खोलीत गेले की यांचं बोलणं मराठीतून कन्नडमध्ये जातं. आधी वाटायचं सवय असेल. आता तसं वाटत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी पुट्टीला पलंगाला धरून उभं केलं. स्वतः चार पावलं मागे सरकले, हातात चिक्कीचा तुकडा. "ये, ये माझी राणी." पुट्टीनं चिक्कीकडे पाहिलंसुद्धा नाही. हात वर करून रडायला लागली, मग धपकन खाली बसली. सा.बा. स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि उचलून घेऊन गेल्या. हात पिठाचे, तसेच.

मला फार भीती वाटते आहे. हे नुसतं उशिरा चालणं नसेल तर? कदाचित मला न सांगता यांनी हिला कुठं दाखवून आणलंय आणि काहीतरी निघालंय. माधवीला आत्ता सांगू नका, ती फॅक्टरी सोडून रडत बसेल, असं ठरलं असेल. म्हणूनच सगळे इतके शांत. जेवताना एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. सगळी आळीमिळी गुपचिळी.

फॅक्टरीतल्या बाथरूममध्ये नळ सोडून रडते हल्ली. कुणाला कळत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

चिन्नीची वेणी घालताना सहज विचारलं, पुट्टी दिवसभर काय करते गं.
"काय नाही."
"खेळते?"
"अज्जीनं सांगितलंय, अम्माला सांगायचं नाही."
आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. डोळे भरून आले तिचे. सहा वर्षांच्या पोरीवर किती ओझं टाकलंय या लोकांनी. पुढं विचारायचं धाडस झालं नाही. वेणी वाकडी आली, तशीच गेली शाळेत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सा.बा. दोघींना घेऊन येलवालला गेल्या, माझ्या नणंदेकडे. पद्मक्का दर शनिवारी बोलावते हल्ली. मी फॅक्टरीतून फोन केला. पद्मक्का बोलत होती तेवढ्यात मागून चिन्नी किंचाळली, "पुट्टी, ओडबेडा!"

ओडबेडा. पळू नको.

मी विचारलं, कोण पळतंय? पद्मक्कानं फोनवर हात ठेवला. मग म्हणाली, वासरू. म्हटलं, वासराचं नाव पुट्टी? "हौदु, माधवी. त्याचं पण पुट्टीच." संध्याकाळी मंजूला विचारलं, अक्कानं वासरू कधी घेतलं? म्हणाला, कुठलं वासरू? आणि मग कान.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अर्धी रजा टाकून पुट्टीला डॉक्टरीणबाईंकडे नेलंच. सा.बा. म्हणाल्या, मीपण येते. येऊ नका म्हणायला काही कारण सुचलं नाही.

बाईंनी पाय दुमडून, वळवून, ताणून पाहिले. जमिनीवर उभी केली तर पुट्टीनं माझा ड्रेस धरला आणि वर चढायला लागली. पाय उत्तम आहेत म्हणाल्या. घरी धरून चालते का, असं सा.बां.कडे बघून विचारलं. सा.बां.नी पदर सारखा केला. मग भराभर कन्नडमध्ये काहीतरी. मला "ताई" आणि "कण्णु" एवढंच समजलं. आई आणि डोळा. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई हसू दाबत होत्या. मला म्हणाल्या, नाही चालली तर संक्रांतीनंतर या.

म्हणजे आजार नाही. एवढं ओझं उतरलं. पण मग काय? माझ्या डोळ्याचं काय झालंय?

२३ नोव्हेंबर, रविवार

ओव्हरटाइम आहे असं सांगून निघाले. सा.बा., मंजू आणि मुली येलवालला जाणार होते. मीही पुढच्या बसनं गेले. माझ्याच घरच्यांच्या मागावर. फाट्यावर उतरून मागच्या वाटेनं पद्मक्काच्या कुंपणाशी.

पुट्टी चालत होती.

दोन-चार पावलं नव्हे. अख्खं अंगण. हातात स्टीलचा पेला, पुढं कोंबडी, मागं ही. वळत होती, थांबत होती, वाकून काडी उचलत होती आणि परत उभी राहत होती. अनेक दिवस चालत असलेल्या पोरीसारखी. ढुंगण हलवत, पोट पुढं काढून. किती गोड चालते माझी पोरगी.

आधी इतका आनंद झाला की कुंपणाची तार धरून उभी राहिले. मग जो संताप आला तो लिहिता येत नाही.

पुट्टीनं मला पाहिलं. पेला टाकला, खाली बसली आणि दोन्ही हात वर केले. म्हणजे माझ्याकडे येताना ती चालतच नाही. मी दिसले की तिला कडेवरच यायचं असतं. आणि ही मंडळी तेवढ्यावर निभावून नेत होती.

सा.बा. आल्या. पहिलं काय केलं? मीठ आणि लाल मिरच्या आणून पुट्टीवरून उतरवल्या. माझ्यासमोर. मग म्हणाल्या, "माधवी, राग नको. आईचीच दृष्ट सगळ्यात आधी लागते. चिन्नी चालली तेव्हा तू तिचा व्हिडिओ फोनच्या स्टेटसला लावलास, रात्रभर बघत बसलीस. सकाळी पायरीवरून पडली. हनुवटीला टाके पडले. हिचं तसं नको होतं मला. माघात जावळ झालं की दाखवणार होते, अष्टे."

तेवढंच, म्हणे. पुट्टी नवरात्रात चालली. गोंब्यांच्या, म्हणजे इथं नवरात्रात मांडतात त्या बाहुल्यांच्या पायऱ्यांसमोर, राजाची बाहुली धरायला गेली ती चालतच. मी तेव्हा दसऱ्याच्या ऑर्डरीत फॅक्टरीत होते.

मी म्हटलं, "अत्ते, मी रोज रडून घरी येत होते. तुम्हाला दिसत नव्हतं?"
"दिसत होतं," म्हणाल्या. "मीपण रडले. पण आधी लेकरू."

 खोटं बोलत असत्या तर भांडता आलं असतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

 मंजूनं समजूत घातली. म्हणाला, अम्मा जुनी आहे, तिच्या मनात भीती बसली आहे, दोन महिन्यांचा तर प्रश्न. तुझ्या मुलीची पहिली पावलं तुझ्यापासून दोन महिने लपवली असती तर, असं मी विचारलं. म्हणाला, "मी तर होतो ना तिथं." त्याला वाटलं मला बरं वाटेल.

पहिली पावलं माझी होती. ती आता परत पडणार नाहीत. मुकाट्यानं गिळायची तेवढी.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आता उघडपणे चालते. सोफ्यापासून टीव्हीपर्यंत, टीव्हीपासून तुळशीपर्यंत. मला बघून आता बसतही नाही.

आज एक गोष्ट ध्यानात आली. मी पुट्टीकडे जरा जास्त वेळ पाहिलं की सा.बा. पाठमोऱ्या होऊन "थू थू" करतात. हळू, मला ऐकू येऊ नये म्हणून. आणि मी... मीही नजर काढून घेते. भाजी चिरते. परत बघते, परत काढून घेते. कराडला आमच्या आईनं ऐकलं तर तोंडावर हसेल. पण तीही आम्हाला काजळाची तीट लावायचीच की.

३० नोव्हेंबर, रविवार

पुट्टी दारात पडली. ओठ फुटला, थोडं रक्त, रडून दूध पिऊन झोपली. चालणारं लेकरू पडणारच.

सा.बा. काही बोलल्या नाहीत. एक शब्द नाही. बर्फ आणला, चमच्यात हळद कालवली, माझ्याकडे पाहिलं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तयारीत होते.

संध्याकाळी त्या देवळात गेल्यावर मी स्वतःच मीठ-मोहरी घेऊन पुट्टीवरून ओवाळली. स्वतःची दृष्ट स्वतःच काढली. मोहरी तडतडली तर काय आणि नाही तर काय. तडतडली. मंजूला सांगितलेलं नाही.

७ डिसेंबर, रविवार

मंजूनं आज चिन्नीच्या सायकलची बाजूची छोटी चाकं काढली. महिनाभर मागं लागली होती. गल्लीत कुणी नव्हतं. मी हात पुसत दारात आले. मोठी झाली माझी चिन्नी, फ्रॉक आखूड झालाय, एवढं मनात आलं.

चिन्नीनं सायकल थांबवली. पाय टेकवले. लहान बाळाला समजावतात तशा आवाजात म्हणाली, "अम्मा, तू आत जा. तू बघितलंस तर मी पडीन."

रागावून नव्हे. तिला माझं वाईट वाटू द्यायचं नव्हतं, हे कळत होतं. मंजूनं मान खाली घातली. कान नाही खाजवला.

म्हणता आलं असतं, असं काही नसतं बाळा. शंभरदा म्हणता आलं असतं. पण ती पडलीच असती तर? मी आत आले. दाराच्या आड, भिंतीला पाठ लावून उभी राहिले. खिडकीच्या पडद्याकडे गेले नाही.

सा.बा. पायरीवर पुट्टीला घेऊन उभ्या होत्या. त्या मागं न वळता बोलायला लागल्या. हळू, मराठीत, एकही कन्नड शब्द न घालता. मंजू मागं धरून पळतोय. आता वळली. डगमगतेय. सावरलं. मंजूनं हात सोडला. आता एकटी. गेली, गेली, शेवटच्या घरापर्यंत गेली.

मी विचारलं, "हसतेय का?"

"हसतेय," म्हणाल्या.

खरं सांगत होत्या का, कोण जाणे. मी बघितलं नाही.