चौदाव्या दिवसाची लाल चिठ्ठी

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (मला अजून वाकता येतं, हे मुद्दाम लिहिते.) तुझ्या गुडघ्यांचं कसं आहे? डोळ्यांत थेंब घालतेस ना वेळेवर? तू दुसरीतून पळालीस आणि मी चौथीपर्यंत टिकले, म्हणून मी लिहिते आणि तुला तुझी सून वाचून दाखवते. सूनबाई, खड्या आवाजात वाच गं, आणि मधलं काही गाळू नकोस.

तर ताई, मी आजी झाले! नात झाली. नाक आपल्या आईचं, आवाज तुझा. दुकानात रडली तर समोरच्या फुटपाथवरची माणसं वळून बघतात. आता हे कसं घडलं ते सविस्तर ऐक, कारण यात तुझाही वाटा आहे, आणि तो फारसा चांगला नाही.

तुला आठवत असेल, तीन वर्षांपूर्वी तूच मला सगळे नियम कळवले होतेस. मूल राहतं ते चौदाव्या दिवशी. बाकीचे दिवस नवरा-बायकोने लांब राहायचं, म्हणजे पुरुषाची ताकद साठते (जशी टाकी भरते तशी). नंतर बाईने अर्धा तास पाय भिंतीवर लावून पडायचं. मी तुझा शब्द खाली पडू दिला नाही. लाँड्रीचा धंदा आमचा, कुणाच्या घरात काय चाललंय ते मला कपड्यांवरून कळतं, मग स्वतःच्या सुनेच्या तारखा कळायला कितीसा वेळ! बोटांवर मोजायचे आणि चौदाव्या दिवशी सकाळीच पोराच्या कॉलरला मागून लाल चिठ्ठी टाचायची, म्हणजे त्याने विसरायला नको. आमच्याकडे कपड्यांना टाचायच्या चिठ्ठ्या असतात ना, पांढरी म्हणजे सावकाश, पिवळी म्हणजे दोन दिवसांत, आणि लाल चिठ्ठीवर छापलेलंच असतं, 'तातडीचे, आजच द्यायचे'. पोरगा बिचारा दिवसभर ती घेऊन दुकानात वावरायचा. गिऱ्हाइकं मागून वाचून हसायची आणि हा त्यांना वाकून धन्यवाद म्हणायचा. पंधराव्या दिवसापासून मी त्याला पुन्हा दुकानात झोपायला धाडायची, धुतलेल्या चादरींच्या ढिगावर. ताकद साठायला नको का?

सून आमची मास्तरीण, शाळेत गणित शिकवते. तिने एकदा-दोनदा सांगितलं, आई, तुमचा हिशोब चुकतोय. मी म्हटलं, चार बुकं शिकलीस म्हणून सासूला आकडे शिकवू नकोस. भिंतीवर तिच्या टाचांचे डाग पडले, मी दोनदा भिंत रंगवून घेतली, पण पाळणा काही हलेना. (दाराबाहेर बसून अर्धा तास मीच मोजायची. इस्त्रीच्या प्रेसची घंटी लावून. झाला की वाजायची.)

मग तुझं ते पत्र आलं. बाईतच खोट असते, आपल्या घरात पुरुषाला कधी काही झालं नाही, तिला माहेरी धाड. ते मी मास्तरणीला तोंडावर ऐकवलं, ताई. आजही आठवलं की मला जीभ चावावीशी वाटते. ती रडली नाही. खडूची पेटी कपाटावर ठेवली, बॅग भरली, आणि दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "तुमच्या मुलाचीही तपासणी करून आणा, मग मी बॅग उघडते." पोराकडे पाहिलं तर तोही चपला घालत होता. तिच्याबरोबर निघाला होता! घर रिकामं होणार म्हटल्यावर मीही चपला शोधल्या. म्हटलं, चला, तिघंही चला.

डॉक्टरीणबाई पोराएवढीच. मी पुरावा म्हणून सगळ्या जुन्या चिठ्ठ्या दोऱ्यात ओवून नेल्या होत्या, एकवीस. तिने त्या मोजल्या, मास्तरणीची वही पाहिली (तिने वही ठेवली होती, बघ!) आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, चौदावा दिवस सगळ्यांचा नसतो. हिची पाळी पस्तीस दिवसांनी येते, म्हणजे हिचा दिवस एकविसाव्याच्या आसपास, आणि त्याआधीचे चार-पाच दिवस उपयोगाचे. त्या दिवसांत हे कुठे असतात? मी म्हटलं, चादरींवर. ती म्हणाली, ताकद अशी आठवडेच्या आठवडे साठत नाही, शिळी होते, आणि पाय भिंतीवर ठेवा नाहीतर छताला टांगा, काही फरक पडत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, या घरातलं सगळ्यात खात्रीचं गर्भनिरोधक तुम्हीच आहात." (नातवंड नसताना मला आजी म्हणाली, ते जास्त लागलं.)

तपासणीत मास्तरीण ठणठणीत. कमी निघालं ते आपल्या पोरात, आणि तेही थोडंच. अकरा वर्षं वाफेच्या प्रेसला पोट टेकून उभा. उष्णतेनेही फरक पडू शकतो, म्हणे, तीन महिने त्याला लांब ठेवून पुन्हा तपासू. झालं! दुसऱ्या दिवसापासून गल्ल्यावर पोरगा आणि प्रेसवर मी. माझं आता काय बिघडणार होतं? आणि चादरींवर झोपायलाही मीच गेले. काय मऊ लागतात गं! चिठ्ठ्या नाहीत, मोजणं नाही, घंटी नाही. असे चार महिने गेले, पाचव्यात एकदा मी पॅन्टची घडी बसवत होते, तर मास्तरीण मागून आली, माझ्या पदराला पांढरी चिठ्ठी टाचली आणि शाळेत निघून गेली. वाचली. 'सावकाश'च्या पुढे तिच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'आठ महिन्यांनी मिळेल.' प्रेसखाली पॅन्ट जळाली, ताई. गिऱ्हाइकाला पैसे भरून देताना मी गात होते.

म्हणजे शेवटी यश कुणाचं? मी हललेच नसते तर काही हललं असतं का?

सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. एक काम आहे. बाळाला सांभाळायला मला एकटीला होत नाही. तू तीन महिने, नाहीतर सहाच, इकडे ये. तुझ्या हाताशिवाय नात शांत होणार नाही.

आणखी एक ता. क. सूनबाई, हे मोठ्याने वाचू नकोस. मागचं पत्र तिने सांगितलं आणि तू लिहिलंस. 'खोट' या शब्दावर शाई पसरली होती, ती मला दिसली; पाळणा तुझाही हललेला नाही. तुझी बॅग कपाटावरच राहू दे. नात माझ्याकडे शांतच असते, पण तुझ्या सासूला मी सहा महिन्यांच्या आत सोडत नाही. तू मात्र नवऱ्याला घेऊन डॉक्टरकडे जा, दोघंही तपासून घ्या. सोबत लाल चिठ्ठी धाडली आहे. ती तिच्या बॅगेला टाच.