पहिल्या शब्दाआधीची फुली

×
ता. ९, शनिवार सकाळ

प्रिय झिपरी,

तुझा खोकला कसा आहे? इकडे सगळं ठीक. ह्यांचा गुडघा कुरकुरतो, तरी तुझी उरलेली प्रचारपत्रकं अजून जपून ठेवली आहेत. दोन गल्ल्यांवर राहून पत्र कसलं लिहितेस, म्हणशील. समोर आले तर तू चहा ओतशील, हसवशील आणि मी पुन्हा गप्प बसेन.

परवा फेरमोजणीत तुझी आणि समोरच्या उमेदवाराची मतं सारखी निघाली. तुझ्या नावावर शिक्का असलेलं एक मत मात्र अधिकाऱ्यांनी बाद ठरवलं, कारण वरच्या कोपऱ्यात पेनाची बारीक फुली होती. मतदार ओळखू येईल अशी खूण. ते धरलं तर नगरपरिषदेतली जागा तुझी. तू तशीच धावत आमच्याकडे आलीस.

"शाईबाई, ती फुली तुझीच ना गं? दुसरं कोण काढणार?"

आता सोमवारी मी कोर्टात शपथेवर सांगायचं, की यादीत सही केल्यावर पेन हातातच राहिलं आणि शाळेतल्या सवयीने फुली पडली, ओळख पटावी म्हणून नव्हे. वकील म्हणतात, तेवढं पुरेल.

सवय खरीच. कोरा कागद मिळाला की आधी कोपऱ्यात फुली. इथून पुढे खरं तेच लिहीन, असा तिचा अर्थ, आपल्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या. तुझी फुली कायम तिरकी यायची, तरी वर्गभर फिरायची ती तुझीच वही.

वाचनालयात सव्वीस वर्षं मी लोकांचे अर्ज लिहून दिले. नळाचे, गटाराचे, रस्त्यावरच्या दिव्यांचे. तू गावात परत आलीस त्याला दोन वर्षं झाली नाहीत, आणि तीच माणसं तुला ताई म्हणायला लागली. तुझा उमेदवारी अर्जसुद्धा माझ्याच अक्षरात आहे. तुझी सभा ऐकून आले तेव्हा हे जेवताना म्हणाले, "काय बोलते गं तुझी मैत्रीण!" मी भाजी वाढली.

तू का उभी राहत नाहीस, असं मला कुणी विचारलं नाही. ह्यांनी नाही. तूही नाहीस.

पेन हातात नव्हतं गं. सही झाल्यावर मी ते पर्समध्ये ठेवलं होतं. आधी तुझ्या नावावर शिक्का मारला, अगदी मनापासून. मग पर्स उघडली. निवडणुकीच्या कामावर मी तीनदा जाऊन आले आहे. अशा खुणेने मत बाद होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तुला मत द्यायचं होतं, आणि ते तुला मिळायला नको होतं. एका मताने काय होतंय, असं वाटलं.

म्हणून ती शपथ मला घेता येणार नाही. हेही जळूनच करते आहे, असं तुला वाटेल. दोन दिवस मी स्वतःला तेच विचारते आहे, आणि छातीवर हात ठेवून नाही म्हणता येत नाही.

हे पत्र वकिलांना दाखव, नाहीतर फाडून टाक. फक्त त्याआधी वरचा कोपरा बघ. ही फुली मी पहिल्या शब्दाआधी काढली आहे.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
शाईबाई